दोन जव मागे

संगीत संस्थेच्या बाई चारला येणार होत्या आणि अडीच वाजून गेले तरी कात्रणं लावून झाली नव्हती.

जेवणाच्या टेबलावर व्हायोलिन आपल्या काळ्या पेटीत होतं, झाकण उघडं. एका बाजूला संस्थेचे कागद, उडू नयेत म्हणून वर मिठाची बाटली. दुसऱ्या बाजूला थोरल्याची लेक चाळीस वर्षांची पिवळी पडलेली कात्रणं सालवार रचत होती. संस्थेनं वाद्याबरोबर तीही मागितली होती. महिन्यापूर्वी भर कार्यक्रमात थोरल्यानं गज खाली ठेवला, "आता पुरे" एवढंच बोलला आणि आत निघून गेला. तेव्हापासून घरात त्या व्हायोलिनला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट वळेनाशी झाली होती. वाद्य संस्थेला द्यायचं, तिथल्या होतकरू मुलांनी ते वाजवायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे थोरल्यानं ठरवलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

"हे ऐका," लेक म्हणाली. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि काहीही वाचलं तरी तापाचा तक्ता वाचल्यासारखं वाचायची. "'यांच्या स्वरात संध्याकाळ आहे. उजेड अजून गेलेला नाही, पण दिवे लावायची वेळ झाली आहे, असा तो धुरकट, दाटलेला आवाज.'"

"संध्याकाळ म्हणे," अक्का म्हणाली. "मला तर कायम सर्दी झाल्यासारखा वाटायचा."

लेक फसकन हसली. थोरल्याच्या बायकोनं, वहिनीनं, हसू लपवायला कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

अक्का सगळ्या भावंडांत मोठी. उभा जन्म तिनं शिवणयंत्रावर काढला होता आणि गुडघे गेले तरी जीभ शाबूत होती. मशीनवर पाय चालवताना गुणगुणता येत नाही ते संगीत कसलं, हे तिचं मत चाळीस वर्षांत तसूभर हललं नव्हतं.

थोरला खिडकीपाशी बसून हे ऐकत होता. "अक्का," तो म्हणाला, "माझे किती कार्यक्रम ऐकलेस तू?"

"गावातले सगळे. पहिल्या रांगेत बसून. सख्ख्या भावाचे म्हटल्यावर जायला नको?"

"त्यातला आवडला कुठला?"

"आवडायचा प्रश्न कुठून आला? लग्नाला जातो तेव्हा नवरदेव आवडला का, असं विचारतं का कुणी? जायचं असतं, जातो."

थोरला हसला. मग बायकोकडे वळून, हवापाण्याचं विचारावं तसं म्हणाला, "आणि तू गं?"

वहिनीला हा प्रश्न लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच अपेक्षित होता. तेव्हा तो आला असता तर ती खोटं बोलली असती. तेव्हा दोघांची एकच खोली होती. तो भिंतीकडे तोंड करून एकच ओळ दोनशे वेळा घासायचा आणि ती भांड्यावर झाकण ठेवतानासुद्धा बोट मधे घालायची, आवाज होऊ नये म्हणून. ती खोली तिला फार आवडायची. त्याची पाठ, मानेवरचे ओले केस, खिडकीतून येणारा बेकरीच्या भट्टीचा वास. ते वाजवणं आवडायचं का, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "लोकांनी इस्त्री केलेला सदरा पाहिला. मी टाचलेला, उसवलेला, परत टाचलेला पाहिलाय. कार्यक्रमात माझं एवढंच चालायचं, आता ती अवघड जागा येणार, आता चुकणार. पार पडली की हुश्श. बाजूचे लोक डोळे पुसायचे आणि मी घाम."

"मी तर झोपायचे," लेक म्हणाली. "बाबांनी गज लावला की पाच मिनिटांत. पाळण्यात तोच आवाज, मग काय होणार? एका परीक्षणात तेही आलंय. थांबा, दाखवते. 'कलावंताची कन्यादेखील समाधी लागल्यासारखी डोळे मिटून ऐकत होती.'"

आता सगळेच हसले. थोरलाही हसला. मग त्यानं खुर्ची अर्धी फिरवून खिडकीकडे तोंड केलं.

"म्हणजे घरात कुणालाच नाही," तो म्हणाला. "बरं झालं, आज कळलं. उद्यापासून वाद्यही नसणार."

"बाहेरच्यांना आवडलं ना, मग झालं," अक्का म्हणाली. पण आपण जास्त बोललो, हे तिला उमगलं होतं. तिनं चष्मा काढून उगाच पुसला.

"बाहेरच्यांचं सोड. चौघांचं मत मला हवं होतं. तिघींचं मिळालं."

चौथा तेवढ्यात जिना चढत होता. लाकडी जिना त्याचं वजन ओळखायचा. तिसरी आणि सातवी पायरी करकरली की धाकटा आला समजायचं. खालच्या कारखान्यात तो व्हायोलिनं बनवायचा आणि दुरुस्त करायचा. त्यांचे वडील, अण्णा, हेच करत आले होते. हे टेबलावरचं व्हायोलिनही त्याच्याच हातचं. हातात पॉलिशचं फडकं आणि तारांचं नवं पुडकं घेऊन तो दारात उभा राहिला. अडुसष्ट वर्षांचा झाला तरी अक्का त्याला छोट्या म्हणायची.

"ये छोट्या. तुझीच वाट बघतोय. आवडनिवड चाललीय."

"कसली?"

"काही नाही," थोरला खिडकीकडेच बघत म्हणाला. "तुझं मत मला माहीत आहे. चाळीस वर्षं मध्यंतरात उठून जातोस त्यात सगळं आलं."

धाकट्यानं पुडकं पेटीत ठेवलं आणि फडक्यानं व्हायोलिनच्या कडा पुसायला घेतल्या.

विषय बदलावा म्हणून लेकीनं मिठाची बाटली उचलली आणि संस्थेचा कागद वाचू लागली. वाद्य कुठल्या खोलीत ठेवणार, हवा किती कोरडी राखणार, विद्यार्थ्यांना किती दिवसांसाठी देणार. "'वाद्य ताब्यात आल्यावर संस्थेचे कारागीर त्याची आतून-बाहेरून तपासणी करतील, आणि जे काही जागेवर नसेल ते नियमाप्रमाणे जागेवर आणतील.' बाबा, इथे सही."

फडकं थांबलं.

"नको," धाकटा म्हणाला. "दादा, सही करू नकोस."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. या घरात धाकटा 'नको' म्हणाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"का?" थोरल्यानं खुर्ची सरळ केली.

"ते... दुसऱ्या कुणी हात लावायला नको त्याला."

"अस्सं. इतकी वर्षं ऐकवत नव्हतं, आणि आता घरातून जातंय म्हटल्यावर जीव तुटतोय."

"तसं नाही."

"मग कसं? सांग की. दर कार्यक्रमाला मी दुसऱ्या भागात तुझी रिकामी खुर्ची बघत वाजवायचो. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे, आणि माझा भाऊ कुठे? तर कोपऱ्यावर चहा पीत."

"अरे, त्याला बोलू दे," अक्का म्हणाली. "वाद्य त्यानं बनवलंय. त्याचाही हक्क आहे."

"हक्काचं काय त्यात? भाऊजींनीच तर पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं की हे संस्थेत गेलं तर बरं," वहिनी म्हणाली. ती सहसा दिराची बाजू घ्यायची. आज तिला नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. "अहो भाऊजी, आज ऐनवेळी काय झालं?"

धाकट्यानं व्हायोलिन पेटीतून उचललं, उजेडाकडे तिरकं धरलं. पोटावरच्या वळणदार फटीतून आत बघण्याची त्याची ही सवय. आज मात्र त्यानं ते पुतणीकडे दिलं.

"आत बघ पोरी. घोडीच्या उजव्या पायाखाली. काय दिसतंय?"

"घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती ना? आत काडी दिसतेय. पेन्सिलच्या तुकड्यासारखी. उभी."

"दांडी म्हणतात तिला. वरची फळी आणि खालची फळी यांच्यामध्ये नुसती दाबून उभी असते. सरसही नसतो. वाद्याचा आवाज कसा निघणार ते निम्मं तिच्यावर. ती कुठे असायला हवी ते ठरलेलं आहे." तो जरा थांबला. "ही तिथे नाही. दोन जव मागे आहे, जवाच्या दोन दाण्यांएवढी. आणि थोडी आतल्या अंगाला."

"म्हणजे सरकली?" वहिनीनं विचारलं.

"नाही. मी लावली."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"दादा, तुझी स्पर्धा होती. तुझ्या जुन्या व्हायोलिनला चीर गेली आणि हातात चार दिवस उरले. अण्णांना दिसेनासं झालं होतं. हे वाद्य माझ्या हातात अर्धं झालेलं होतं, मी एकट्यानं पुरं केलेलं पहिलं. अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, घोडीच्या पायामागे अंगठ्याचं एक नख जागा सोड, तिथे दांडी. मी सोडली. एक नख." त्यानं डावा अंगठा पुढे केला. नख बाजूला पसरलेलं होतं, शिंपल्यासारखं. "लहानपणी लाकूड आवळायच्या शिकंज्यात सापडला होता हा. अण्णांचं नख केवढंसं, बाईमाणसासारखं. मी माझं लावलं."

"मग कळलं कधी?" अक्कानं विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

"स्पर्धेच्या हॉलमध्ये. पहिल्याच सुराला. बसका निघाला तो. मध्यंतरात मी उठून बाहेर पडलो. घरी आल्यावर सरळ करायचं, दहा मिनिटांचं काम, फटीतून आकडी घालून नुसतं सरकवायचं. सकाळी आकडी हातात घेतली आणि दादा पेपर घेऊन खाली आला."

थोरल्याला ती सकाळ आठवली. कारखान्यात भुसा पसरलेला, सरसाचं भांडं चुलीवर, अण्णा अंधुक डोळ्यांनी आवाजाच्या दिशेनं बघत. तो मोठ्यानं वाचत होता आणि अण्णा मधे मधे म्हणत होते, परत वाच, ते आवाजाचं परत वाच. धाकटा पाठमोरा उभा राहून काहीतरी खणात ठेवत होता.

"'असा धुरकट स्वर आजवर ऐकला नाही,'" धाकटा म्हणाला. "मला तोंडपाठ आहे. आता काय करू? सरळ केलं असतं तर तुझा आवाज गेला असता. मग दर वर्षी वाद्य उघडायचो, साफ करायचो, आणि दांडी परत चुकीच्या जागी लावायचो. चूक एक केसही हलू नये म्हणून तारेचं माप करून ठेवलंय, खाली दारामागे लटकवलेलं असतं. कार्यक्रमाला बसलो की लोक त्या आवाजाला माना डोलवायचे आणि माझे कान तापायचे. वाटायचं, आत्ता कुणीतरी उठून म्हणेल, अरे, याची दांडी मागे आहे. तुझं वाजवणं मी ऐकलंच नाही कधी, दादा. मी दांडी ऐकत बसलो."

थोरल्यानं आपल्या वळत नसलेल्या बोटांकडे पाहिलं. वहिनीनं त्याच्याकडे एक पाऊल टाकलं, पण तो उठलाच.

"चल खाली," तो म्हणाला. "सरळ कर. आत्ता."

"दादा."

"दहा मिनिटांचं काम आहे म्हणालास ना? मला ऐकायचंय मी कोण आहे ते."

जिन्यावरून सगळे खाली गेले. अक्का शेवटी, लेकीचा हात धरून, दर पायरीला थांबत.

कारखान्यात अण्णांच्या वेळचा वास तसाच होता, पाइनच्या लाकडाचा आणि जुन्या सरसाचा. धाकट्यानं दिवा ओढून घेतला, तारा ढिल्या केल्या आणि वाकडी आकडी फटीतून आत घातली. त्याच्या वयाला हात कापायला हवा होता, पण वाद्यात शिरला की तो कापत नसे. तीनदा हलकं टकटक झालं. त्यानं आत पाहिलं, आणखी एकदा टकटक केलं. चाळीस वर्षं मनात शंभरदा केलेलं काम प्रत्यक्षात इतकं लहान होतं, याचं त्याला हसू यावं की रडू, ते कळेना. त्यानं तारा चढवल्या आणि वाद्य भावापुढे धरलं.

थोरल्यानं साधी ओळ वाजवली, अण्णा लहानपणी दोघांना गुणगुणून दाखवायचे ती. आवाज स्वच्छ निघाला. घासून ठेवलेल्या काचेतून ऊन यावं तसा, टेबलावरची हत्यारं लखलखावीत असा.

"अगं बाई," अक्का म्हणाली. ती स्टुलावर बसली होती आणि तिचा पाय आपोआप हलायला लागला होता. "हे असं असतं होय ते? असं वाजवलं असतंस तर मी तिकीट काढून आले असते."

लेक टक्क जागी होती. "छान आहे, बाबा," ती म्हणाली, आणि लगेच चपापून काकाकडे बघितलं.

वहिनी दारापाशी उभी होती. आवाज खरंच सुरेख होता. पण तिला त्या आवाजात ती एक खोली सापडेना. भिंतीकडे तोंड केलेला माणूस सापडेना. कुणा परक्याच्या घराचं दार चुकून उघडलं असं तिला वाटलं, आणि आपण इतकी वर्षं नुसतं घाबरत ऐकत नव्हतो, हे तिला प्रथमच कळलं. "अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही नाही."

"घ्या," अक्का म्हणाली. "आता हिला सर्दीच हवी."

"हवी," वहिनी म्हणाली. "माझी सवय आहे."

थोरल्यानं गज उतरवला. तो भावाकडे वळला. "चांगलं आहे हे. माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण हा आवाज असा निघाला असता तर मी सरळ, वेगानं वाजवलं असतं, सगळे वाजवतात तसं. तो बसका निघायचा म्हणून मी सूर धरून ठेवायला शिकलो. सोडला की मरायचा तो. तुझ्या नखानं मला वाजवायला शिकवलंय, गाढवा, आणि तू कोपऱ्यावर चहा पीत बसलास."

धाकट्यानं मान खाली घातली. मग दारामागचं तारेचं माप काढलं आणि परत दिवा ओढला.

बाई आल्या तेव्हा दांडी जुन्या जागी गेली होती. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्या स्वतःच संस्थेच्या कारागीर होत्या. नमस्कार झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा वाद्य उजेडाकडे तिरकं धरलं.

"दांडी बरीच मागे आहे," त्या म्हणाल्या. "कुणी लावलीय?"

"मी," धाकटा म्हणाला.

"सरळ करून टाकू. दहा मिनिटं."

"मला माहीत आहे. करू नका. कागदावर तसं लिहा, मी खाली सही करतो. हे माप बरोबर न्या, साफ केलंत की याच मापानं लावा."

बाईंनी माप हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं. "लिहिते," त्या म्हणाल्या. "पण का, ते एकदा ऐकायला मिळेल?"

थोरला उभा राहिला. बोटं चोळली, वाद्य हनुवटीखाली घेतलं. तो नेहमी शेवटी वाजवायचा ती मोठी चीज त्यानं सुरू केली. दोन ठिकाणी बोट वेळेवर पडलं नाही. लेकीच्या पापण्या जड झाल्या, अक्कानं खिडकीतून रस्ता पाहिला, वहिनीनं अवघड जागेला श्वास रोखला. धाकटा दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. मधे एकदा, पूर्वी मध्यंतर जवळ आलं की व्हायचं तसं, त्याला उठावंसं वाटलं. तो उठला नाही. आता कुणी उठून काही म्हणणार नव्हतं. म्हणण्यासारखं होतं ते म्हणून झालं होतं. तो नुसता ऐकत राहिला.

शेवटचा सूर संपला. बाईंनी चष्मा काढला. थोरला मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हता.

"कसं वाटलं?" त्यानं भावाला विचारलं.

धाकट्यानं गुडघ्यावरचा भुसा झटकला. "खरं सांगू?"

"सांग."

"सुरुवात फार चांगली आहे. फारच. मधे लांबतं."

वहिनीचा हात तोंडाशी गेला. चाळीस वर्षांच्या कात्रणांत कुणी असं लिहिलं नव्हतं.

थोरला भावाकडे पाहत राहिला. मग त्यानं स्टूल ओढलं, त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि वाद्य पुन्हा हनुवटीखाली घेतलं.

"कुठून लांबतं?" तो म्हणाला. "इथून?"

"नाही," धाकटा म्हणाला. "जरा आधीपासून."

बाईंनी पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.